हार्ड रॅप, गोड हूक आणि सांगलीचा चौक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतला २३ वर्षांचा मुलगा तीन वर्षं मराठीत हार्ड रॅप करतोय. गाण्यांत शिव्या आहेत, चौकातली भांडणं आहेत, पुराच्या पंचनाम्यावरचा राग आहे. आता मुंबईच्या एका लेबलनं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीनं, एक गाणं मागितलंय. हूक (गाण्यात परत परत येणारा भाग) गायिकेचा, शिव्या नकोत, जमलं तर थोडं हिंदी, आणि व्हिडिओ मात्र ‘एकदम स्ट्रीट’ पाहिजे. चौकातली पोरं म्हणतायत, विकला गेलास. करू का नको?

वय २३ लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

बाकीच्या उत्तरांत ‘आर्ट का पैसा’ असा वाद रंगलाय. तो बाजूला ठेव. चौकातला माणूस तुला मान देतो तो कशाबद्दल, हे आधी नीट बघ. तुझ्या बीटचा वेग, ऑटोट्यून आहे का नाही, हूक कोण गातंय, याच्याशी त्याला फारसं देणं-घेणं नसतं. तो तीन गोष्टी बघतो : तू सांगतोस ते खरं आहे का, तू आमच्यासारखं बोलतोस का, आणि पैसे आल्यावर तू कसा वागतोस. एका पॉप गाण्यानं या तिन्हींतली एकही आपोआप मोडत नाही. पण त्या गाण्याच्या नादात तिन्ही मोडता येतात, आणि मोडतात तेव्हा दोष गाण्याला लागतो.

लहान शहरात हे जास्त लागू होतं. मुंबईचा रॅपर काय सांगतो ते सांगलीतला ऐकणारा तपासू शकत नाही. तुझं मात्र तपासलं जातं. ‘माझ्यावर चार केसेस’ असं गाण्यात आलं की मार्केट यार्डातला हळदीचा हमालसुद्धा संध्याकाळपर्यंत खरं-खोटं काढतो, कारण त्याचा मेहुणा पोलीस लाइनीत राहतो. अमेरिकेतलं उलटं उदाहरण घे. रिक रॉस हा रॅपर ड्रग्जच्या धंद्यावर गाणी करायचा. तो पूर्वी तुरुंगात रक्षकाची नोकरी करत होता, हे २००८ मध्ये बाहेर आलं. आधी त्यानं नाकारलं. तरीही २००९ चा त्याचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. एवढ्या मोठ्या देशात बहुतेक श्रोते लांबचे असतात, त्यांना गोष्ट आवडली की पुरते. तुझे पहिले हजार श्रोते दोन किलोमीटरच्या आत राहतात.

म्हणून पहिलं काम सांगतो. जुन्या गाण्यांतली प्रत्येक ‘मी’ असलेली ओळ वहीत उतरव आणि तिच्यापुढे लिही : माझं, बघितलेलं, का नुसतं ऐकीव. ‘बघितलेलं’ असेल ते ‘मी केलं’ म्हणून सांगू नकोस, ‘शेजारच्या पोरानं केलं’ म्हणून सांग. ओळ बहुतेक वेळा जास्त चांगली होते. ऐकीव असेल ते काढ. गाणं मोठं झालं की जुनं सगळं उकरलं जातं, आणि उकरणारे तुझ्याच वर्गातले असतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. घरी हप्ते थकलेत आणि समोर रोख ॲडव्हान्स आहे, तर गाणं करण्यात लाज काही नाही. लेबलला एकच गाणं हवंय का तीन वर्षांची बांधणी, यावर उत्तर पूर्ण बदलतं. तुझी ओळख फक्त शिव्यांवर उभी असेल तर शिव्या काढल्यावर खाली काय उरतं हे बघावं लागेल. ते तपासायला सोपं आहे : स्वतःच्या सगळ्यात हार्ड गाण्याच्या १६ बारांतल्या (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) शिव्या खोडून ते मोठ्यानं म्हण. ओळी लंगड्या झाल्या तर शिव्या मात्रा भरायला आल्या होत्या. तसं असेल तर लेबल येवो न येवो, लिखाणावर सहा महिने घालव.

हे सगळं नवीन नाही, हे पोरांना सांग. सवाल-जवाबात समोरच्याला शब्दांत लोळवणं हा कलगी-तुऱ्याचा धंदा होता, रॅप बॅटलच्या कितीतरी आधीचा. पठ्ठे बापूराव आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, आणि गाजले मुंबईच्या थिएटरांत. तमाशाची बांधणी आठव. आधी गण, मग गवळण, पुढं बतावणी, लावण्या, शेवटी वग. देवाचं नाव, चावट संवाद आणि वगातली टोचणी, सगळं एकाच फडावर एकाच रात्री. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा बघून ‘गण म्हटला म्हणजे फड विकला गेला’ असं कोणी म्हणालं नाही. कुठली गोष्ट कधी वाजवायची याचं ते शास्त्र होतं. तुलाही तेच लागणार आहे, आधी गाण्याच्या आत आणि मग गाण्यांच्या क्रमात.

गाण्याच्या आतलं आधी घेऊ. १९९८ मध्ये अमेरिकन रॅपर जे-झीनं ब्रॉडवेच्या ‘ॲनी’ या संगीतिकेतला लहान मुलींचा कोरस हूक म्हणून वापरला. याहून गोड काही सापडणार नाही. पण व्हर्समध्ये, म्हणजे हूकच्या मधल्या रॅपच्या कडव्यांत, तो स्वतःसारखाच बोलला, आवाज मऊ केला नाही. बांधणी हीच ठेव : गोडवा हूकमध्ये, तू व्हर्समध्ये. हूक तू स्वतः गोड आवाजात गायला गेलास की पोरं हसतात. दुसऱ्यानं गायला तर चालतं.

मोजमाप असं. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचा एक बार साधारण २.६७ सेकंदांचा होतो. ४ बार सुरुवात, ८ बार हूक, १६ बार व्हर्स, ८ हूक, १२ बार दुसरी व्हर्स, ८ हूक. एकूण ५६ बार, म्हणजे जवळपास अडीच मिनिटं. हूक अकराव्या सेकंदाला सुरू होतो, लेबल खूश. आणि तुझे स्वतःचे २८ बार राहतात, म्हणजे बरोबर निम्मं गाणं. लेबलचा संगीतकार ‘व्हर्स आठ बारांची करू’ म्हणेल. पहिली १६ वरून १२ वर आण, पण त्याखाली उतरू नकोस. आठ बारांत माणूस फक्त स्वतःचं नाव सांगू शकतो. तू पाहुणा कलाकार होतोस आणि गाणं गायिकेचं होतं. पोरांना खरं तर तेव्हा टोचतं.

शब्दांसाठी माझा साधा नियम आहे : हूकमध्ये एकही विशेषनाम नको, दुसऱ्या व्हर्समध्ये किमान चार हवीत. हूक नागपूरच्या मुलीलाही गुणगुणता आला पाहिजे, चार ते सहा शब्दांत. दुसऱ्या व्हर्समध्ये आयर्विन पूल येऊ दे, शंभर फुटी रस्ता येऊ दे, २०१९ च्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते येऊ दे. लांबच्या माणसाला ती नावं कळली नाहीत तरी अडत नाही, जवळच्याला मात्र लगेच कळतं की पोरगं कुठं गेलेलं नाही.

हिंदीबद्दल. हूकमध्ये एखादी ओळ हिंदी चालेल, व्हर्समध्ये नको. आणि प्रमाण मराठीही नको. ‘करत आहे’ म्हणालास की संपलास. ‘करालोय’, ‘हुतं’, ‘गेलतो’ तसंच राहू दे, कारण बोली क्रियापदात असते. नुसतं ‘भावा’ आणि ‘विषय हार्ड’ पेरून ती येत नाही, ते आता जाहिरातवालेही करतात. लेबल म्हणेल की मराठी बाहेर चालत नाही. त्यांना क्रेटेक्स आणि श्रेयसचं २०२४ चं ‘तांबडी चामडी’ हे गाणं दाखव. हूक ठार मराठी, आणि नाचले ते सगळे मराठी नव्हते.

शिव्यांचं काय करायचं? बीप लावू नकोस. बीप ऐकला की आई मनात शिवी भरते आणि पोराला वाटतं तू घाबरलास, दोन्हीकडून तोटा. ओळ नव्यानं लिही, आणि मूळ व क्लीन दोन्ही ओळी एकाच बैठकीत रेकॉर्ड कर, तोच माइक, तेवढंच अंतर, तोच घसा. महिन्यानं येऊन बदललेले चार शब्द कितीही मिक्स केले तरी ठिगळासारखे ऐकू येतात. स्टुडिओतून चार फाइली घेतल्याशिवाय उठू नकोस : मूळ, क्लीन, नुसतं वाद्य, आणि कार्यक्रमाची, ज्यात हूक आणि मागचे आवाज आहेत पण तुझा मुख्य आवाज नाही. मूळ आणि क्लीन दोन्ही प्रसिद्ध करायच्या तर प्रत्येकीला वेगळा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख) क्रमांक लागतो आणि मूळ आवृत्तीवर एक्स्प्लिसिटची, म्हणजे शिव्या असल्याची, खूण करावी लागते. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं ॲपवर पोचवणाऱ्याकडे) निदान तीन आठवडे आधी चढव. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं मांडायला किमान सात दिवस लागतात, आणि कव्हर नाकारलं गेलं तर आठवडा असाच जातो.

आवाजात कडकपणा ठेवायचा असेल तर व्हर्सवर पिच करेक्शन (ऑटोट्यूनसारखी सुराची दुरुस्ती) बंद, दुहेरी आवाज फक्त ओळीच्या शेवटच्या दोन शब्दांवर. हूकला काय हवं ते करू दे. ८०८ चा, म्हणजे ड्रम मशीनचा खोल, बेस फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, कारण एवढा खालचा आवाज त्या स्पीकरला काढता येत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणं) दे म्हणजे वरचे स्वर तयार होतात. मग चहाच्या गाड्यावर फोन ठेवून वाजव. मागं स्टोव्ह सुरू असताना व्हर्सचा प्रत्येक शब्द कळला तर मिक्स झालं.

बीटमध्ये गावाचा रंग हवा म्हणून लेबल सॅम्पल पॅकमधली हलगी टाकेल. खरा हलगीवाला बोलव. त्याला त्याच दिवशी पैसे दे आणि गाण्याच्या माहितीत त्याचं नाव टाक. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, दर पंधरा-वीस मिनिटांनी शेकावं लागतं. स्टुडिओच्या बाहेर शेगडीची सोय आधी कर, नाहीतर तिसऱ्या टेकला आवाज बसलेला असतो आणि दोष त्याला मिळतो.

जुनं काही उचलणार असशील तर हिशोब बघून उचल. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापून आलेल्या रचनांचे शब्द २००५ च्या अखेरीस मोकळे झाले. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०२९ संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत. आणि शब्द मोकळे झाले म्हणून कुणा गायिकेची जुनी रेकॉर्ड मोकळी होत नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, त्याची ६० वर्षं प्रसिद्ध झाल्यापासून वेगळी मोजायची.

आता व्हिडिओ. तू तिकडे लक्ष दिलेलं नाहीस, पण मला खरी भीती तिथंच वाटते. लेबल शब्द मऊ करायला सांगतं आणि चित्र मात्र कडक मागतं : कोयता, बुलेट, दहा पोरं तोंडाला रुमाल बांधून. चौकानं हे मागितलेलं नसतं. मुंबईच्या माणसाच्या डोक्यातली सांगली तशी असते. कोयते-तलवारी नाचवत रील टाकणाऱ्या पोरांवर आपल्याकडे हत्यार कायद्याची कलमं ४ आणि २५ लागतात, आणि मनाई आदेश सुरू असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ३७ आणि १३५ पण. डायरेक्टर रात्रीच्या गाडीनं मुंबईला जातो, गुन्हा तुझ्या आणि त्या दहा पोरांच्या नावावर इथं राहतो. त्यातल्या दोघांची पोलीस भरतीची तयारी सुरू असते. चौक तुला याची आठवण वर्षानुवर्षं करून देईल. त्यापेक्षा हळदीची पोती, बंद पडलेलं थिएटर, मिरजेतली सतारमेकर गल्ली दाखव. दिसायलाही वेगळं आणि परवानगीही सोपी.

कायद्याचं आणखी थोडं. सार्वजनिक जागी किंवा तिच्याजवळ लोकांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. ऑनलाइन अश्लील मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागतं, ते जड आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत दंड. राजकीय ओळींवरून २०२३ मध्ये महाराष्ट्रात रॅपरांवर गुन्हे दाखल झालेत. म्हणून लिहायचं थांबवू नकोस. पण लेबलच्या करारात ‘शब्दांवरून कारवाई झाल्यास सर्व जबाबदारी कलाकाराची’ असं कलम असतंच. त्यांनी मंजूर केलेल्या शब्दांपुरता वकिलाचा खर्च त्यांनी करायचा, एवढी दुरुस्ती मागून घे.

करारात चार जागा बघ. एक, मुदत आणि प्रदेश. करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्यानं पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच ते ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहितात. एका गाण्यापुरतं ठराविक वर्षांचं लायसन्स देतो म्हण. पहिल्यांदा नाही म्हणतील, वर्षांवर घासाघीस होते. दोन, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं काढून घेता येत नाही. ‘सर्व रॉयल्टी सोडत आहे’ या ओळीला घाबरू नकोस, पण ती खोडायला सांग, आणि आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घेऊन गाणं तिथं नोंदव. नोंद नसेल तर वाटा कागदावरच राहतो. तीन, रंगमंचावरचं नाव. ते लेबलच्या मालकीचं होता कामा नये. चार, बाकीच्या गाण्यांवरची बंदी. ‘कराराच्या काळात अन्यत्र प्रसिद्धी नाही’ हे कलम तसंच राहिलं तर तुझी हार्ड गाणी थांबतात, वर्षभर लोकांना फक्त ते एकच पॉप गाणं दिसतं आणि पोरांचं म्हणणं खरं ठरतं. स्वतःच्या चॅनेलवर गाणी टाकायची मोकळीक लेखी घे. मला विचारशील तर पैशापेक्षा या कलमावर जास्त अड.

आणि तुझी जुनी बीट्स? इंटरनेटवरून स्वस्तात भाड्यानं घेतलेल्या बीटला बहुधा स्ट्रीमची मर्यादा असते आणि तीच बीट इतर पन्नास जणांकडे असते. नवीन गाणं चाललं की लोक जुन्या गाण्यांवर येतात, मर्यादा ओलांडली जाते आणि दावा येतो. सही करायच्या आधी जुन्या पावत्या शोध.

क्रमाचं बघू. आधी तुझं हार्ड गाणं, मग सहा ते आठ आठवड्यांनी लेबलचं, आणि त्यानंतर महिन्याच्या आत पुन्हा हार्ड, त्याच पोरांना घेऊन, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. गाजल्यावर लिहायला बसलास तर जमत नाही, डोक्यात आकडे असतात. अमेरिकन रॅपर एलएल कूल जेनं १९८७ मध्ये प्रेमाचं संथ गाणं केलं, ते गाजलं, आणि हार्ड श्रोते कुरकुरायला लागले. त्याला पुन्हा मुठी आवळलेला अल्बम १९९० मध्ये जमला. ते अंतर तू कमी कर. उलट्या दिशेचं उदाहरण एमसी हॅमरचं. आधी नाचऱ्या पॉपवर अफाट गाजला आणि १९९४ मध्ये एकदम गँगस्टर रूपात आला, ते लोकांच्या गळी उतरलं नाही. कडक माणूस मऊ गाणं करू शकतो, मऊ ओळख आधी पक्की झाली की परतणं अवघड.

कार्यक्रमात सुरुवात हार्डनं, लेबलचं गाणं शेवटून दुसरं, शेवट पुन्हा हार्ड. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो, सणांत सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. जत्रेत सत्काराची भाषणं लांबली की तुझी वेळ कापली जाते. म्हणून २५ मिनिटांचा आणि १२ मिनिटांचा असे दोन क्रम तयार ठेव, निम्मे पैसे तारीख देताना आणि उरलेले स्टेजवर चढायच्या आधी.

एक गोष्ट प्रश्नात नाही तरी सांगतो. सांगलीत रॅपरचं नाव लेबलच्या पैशानं जेवढं जातं त्यापेक्षा जास्त वाढदिवसाच्या स्टेजवर जातं. गाणं चाललं की भाऊ, दादा, साहेब सगळ्यांचे फोन येणार : ‘दोन ओळी आपल्या नावावर टाक.’ कार्यक्रम घे, पैसे घे, नावाच्या ओळी टाकू नकोस. एकाच्या टाकल्यास की पुढच्या महिन्यात दुसरा गट तेच मागतो. नाही म्हणालास तर वैर, हो म्हणालास तर पंचनाम्यावरचं ते गाणं पुन्हा कुठल्या तोंडानं म्हणणार? सुपारी ठरतानाच व्हॉट्सॲपवर लिहून दे : ठरलेलीच गाणी, नाव घेऊन ओळी नाहीत.

पोरांचं शेवटी. त्यांना उत्तर म्हणून डिस गाणं (समोरच्याला झोडणारं) करू नकोस, स्टोऱ्या टाकू नकोस. ‘विकला गेलास’ म्हणणाऱ्यांत एकजण असतो ज्याच्याबरोबर तू सुरुवात केलीस आणि ज्याला या ऑफरमध्ये जागा नाही. बहुतेक राग तिथला असतो आणि तो रास्त असतो. पुढच्या हार्ड गाण्यात त्याची व्हर्स घे. रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर वाटे लिहा, शब्द कुणाचे किती, संगीत कुणाचं किती, आणि दोघांनी सही करा. लेबलच्या गाण्याचं कच्चं मिक्स त्याला आणि घरातल्या अशा एका बाईला ऐकव जी रॅप ऐकत नाही, आत्या किंवा वहिनी. तिला हूक एकदा ऐकून म्हणता आला पाहिजे आणि त्याला दुसऱ्या व्हर्समधली एक तरी ओळ ‘परत लाव’ म्हणावीशी वाटली पाहिजे. दोन्ही झालं तर सही कर. त्यानं मोबाइलकडं बघत ‘भारीय’ म्हटलं तर दुसरी व्हर्स फाड आणि परत लिही, लेबलला आठ दिवस थांबायला सांग. ते थांबतात.